अन्ननळीचं बारसं

बासष्ट सालच्या हिवाळ्यात कौसाबाईनं कडकडीत काकवी गिळली, तीही निव्वळ तोऱ्यापायी.

गुऱ्हाळावरचा गुळव्या वाहरू तिला म्हणालाही होता, "मावशी, थांब जरा. वरथून गार दिखस, मझार आग शे."

"चाळीस वरीस चुलीपुढे गयात मन्हा. तू माले आग शिकाडस का?" असं म्हणून तिनं वाटी तोंडाला लावली.

थुंकून टाकली असती तर निभावलं असतं. पण सात-आठ जावा-शेजारणी टक लावून बघत होत्या. कौसाबाईनं घोट गिळला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी मान डोलावून तिनं खुणेनं सांगितलं, झकास.

मग चार दिवस गल्लीत तिचा आवाज नाही. पाण्याचा घोट गिळतानाही सुरी उतरावी तसं होई. आतली नळी जळून कोळसा झाली, आता आपण वाळून मरणार, असं तिनं मनात घेतलं. बडबडीला जन्मभर कंटाळलेला तिचा नवरा रेवजी तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "काई तरी बोल ना व. घर खायले उठस."

पाचव्या दिवशी त्यानं तिला एसटीनं शहाद्याला नेलं. डॉक्टर देवऱ्यांनी बॅटरी मारून घसा पाहिला, ताप पाहिला, रक्त पडतं का विचारलं. मग ते रेवजीकडे वळले.

"ऊस तोडल्यावर तुम्ही काय करता?"

"खोडवा धरतस. त्याच बुडखाले नवा कोंब फुटस," रेवजी गोंधळून म्हणाला.

"मग झालं तर! बाईंचं वरवरचं अस्तर पोळलंय. त्याच्या तळाशी ज्या पेशी असतात ना, त्या जिवंत आहेत. त्यांचं कामच नव्या पेशी तयार करायचं. नव्या वर सरकतात, जुन्या गळून जातात. धडधाकट माणसातही हे रोज चाललेलं असतं. दोन आठवडे थंड दूध आणि गार पेज द्या. तिखट बंद, गरम बंद."

कौसाबाईच्या घशातून पाच दिवसांनी पहिला शब्द फुटला. "नवं?"

"कोरं करकरीत. आणि जठराचं अस्तर तर त्याहून लवकर बदलतं, आठवडाभरातच."

परतीच्या एसटीत कौसाबाईनं घोगऱ्या आवाजात ही बातमी आधी शेजारी बसलेल्या बाईला सांगितली, मग मागच्या बाकाला, मग तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरला. रेवजी खिडकीबाहेर बघत राहिला, पण त्याच्या मिशा हलत होत्या.

बाराव्या दिवशी दुधात कुस्करलेली भाकरी विनातक्रार खाली उतरली. कौसाबाई ताडकन उठली. "आज बारसं! मन्ही नळी नवी जनमनी!"

"लोक हसतीन," रेवजी म्हणाला.

"हसाकरताच बलाडस त्यास्ले!"

दुपारी बायकांनी ओसरी भरली. घुगऱ्या शिजल्या, आढ्याला पाळणा टांगला, आणि मग सगळ्या अडल्या. पाळण्यात ठेवायचं काय?

"तिलेच बसाडा!" शेजारीण पार्वतीबाई ओरडली.

पन्नाशी उलटलेली कौसाबाई लुगडं सावरत खरंच पाळण्यात चढली. दोर करकरले, पाय बाहेर लोंबले. बायका एकमेकींच्या अंगावर कोसळत हसू लागल्या. आत्याचा मान रेवजीची बहीण सिंधुबाई हिचा. तिनं वाकून कानात "कुर्रर्र" केलं आणि मोठ्यानं नाव सांगितलं, "सबूरबाई!"

कौसाबाईला हसता हसता उचकी लागली. कुणी पाठ थोपटली, कुणी झोका वाढवला.

एवढ्यात पार्वतीबाईनं कमरेवर हात ठेवले. "थांबा व! डॉक्टर म्हने पोट आठवडामां नवं व्हस. मन्हंबी व्हतच व्हई. मंग मन्हा पोटनं बारसं कव्हय?"

लगेच कालवा उठला. मन्हंबी, मन्हंबी! कुणी बुधवार मागितला, कुणी बाजाराचा दिवस नको म्हणाली, दोघी तर एकाच शुक्रवारावरून भांडल्या. बाहेर ओट्यावर बसलेला रेवजी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून हसून गदगदत होता.