रिकामी परतलेली गाडी

कबनूरच्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये अम्मीनं सहा खाटा टाकल्या, त्याला दोन वर्षं झाली. बरे न होणारे लोक आमच्याकडे येतात. अम्मी वीस वर्षं नर्स होती. दुखणं बरं करता आलं नाही तरी कळा थांबवता येतात, असं ती म्हणते. पण शेवट जवळ आला की घरचे गाडी घेऊन येतातच. जीव आपल्याच घरात जावा, असं सगळ्यांना वाटतं. मग वाटेत गाडी खडखडते, माणूस ओरडत ओरडत जातो, आणि ते आम्हाला नंतर कळतं.

परवा जोतीराममामा त्यांच्या आईला, चिमणाबाई आजींना, न्यायला टेम्पो घेऊन आले. कुरुंदवाडजवळचं गाव त्यांचं. अम्मी औषधं आणायला कोल्हापूरला गेलती. मी दहावीत आहे, शाळेत भाषणं ठोकते, हल्ली तर मुख्याध्यापकांशीही वाद घालते. म्हटलं, आज एक तरी गाडी रिकामी परत पाठवायचीच! रस्ता, खड्डे, हाडात उतरलेला कॅन्सर, घरी न मिळणारं इंजेक्शन, सगळं मी मामांना असं काही सांगितलं की ते टोपी तोंडावर धरून रडायला लागले. "तुझं पटतंय बघ पोरी," म्हणाले, आणि टेम्पो परत पाठवला. मी आत येऊन चक्क उडीच मारली.

संध्याकाळी अम्मी आली. मी सगळं रंगवून सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "आजींना विचारलंस?"

नव्हतं विचारलं. आजी तर दारापासून चार पावलांवर जाग्या होत्या.

अम्मी खाटेवर बसून त्यांच्याशी बोलली. आजींना कळा चालणार होत्या, घरच पाहिजे होतं. मामांनी टेम्पोवाल्याला फोन लावला, तर तो भाडं घेऊन गारगोटीला गेलेला. दुसरी गाडी येईपर्यंत आजींचा श्वास तुटायला लागला. आता हलवलं तर वाटेतच जातील, असं अम्मी म्हणाली. गाडी दारात नुसती उभी राहिली.

आजींनी डोळे उघडले. "जोत्या, घर आलं व्हय?"

मामांनी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. "व्हय आई. आलो की घरात."

आजी वरच्या पत्र्याकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"हे आपलं न्हवं," त्या म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडं केलं. मग अम्मीनं किती हाका मारल्या, तरी त्यांनी ते वळवलं नाही.