माशांना कोण बघणार

मेलेल्या माशाकडे बघून आनंद होणं बरं नव्हे, हे आत्याला कळत होतं. पण झाला खरा. शेपूट फाटलेला तो शेवटचा म्हातारा मासा जाळीत घेऊन ती टाकीपाशी उभी होती आणि मनात एकच घोळत होतं, परवा पहाटे सगळे समुद्रावर निघणार आणि आता घरात जिवंत असं काही उरलं नाही.

सुट्टीआधी टाकी लख्ख करायची म्हणून भाचीने आतून काच साबणाने घासली होती. दोन दिवसांत नऊच्या नऊ मासे उताणे. भाची रडली, भावजयीने तिला फैलावर घेतलं, भाऊ नुसताच हळहळला. आत्याने मासे एकेक करून मागच्या अंगणात पुरले. हात गंभीरपणे चालत होते, मन मात्र उंडारत होतं.

अकरा वर्षं दर सुट्टीत घराला कुलूप लागायचं ते आत्याला आत ठेवून. ‘माशांना कोण बघणार?’ एवढं वाक्य पुरायचं. तेही कोणी वाकड्या तोंडाने म्हणत नसे. उलट आत्यावाचून पान हलत नाही अशा कौतुकाने. चौतीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलेल्या, नजरेने गुंजभर औषध तोलणाऱ्या बाईला भावजय माशांच्या रोजच्या खाण्याच्या पुड्या बांधून, वर तारखा घालून देऊन जायची. आत्या त्या निमूट घ्यायची. आयुष्यभर लोकांना पुड्या दिल्या, आता आपली पाळी, असं म्हणून वर हसायचीही.

या खेपेला तिने स्वतःहून विचारलं नाही. मागून मिळालेली जागा बसायला टोचते, हा तिचा जुना हिशेब. पण माळ्यावरची बॅग खाली आली, पुसली गेली, दोन जोड धुऊन इस्त्री होऊन तिच्या कपाटात बसले. शेजारणीला तिने सहज विचारावं तसं विचारलं, खाऱ्या पाण्याने टाचांच्या भेगा झोंबतात का. शेजारीण म्हणाली, झोंबतात, पण नंतर बरं वाटतं. आत्याला ते फारच पटलं.

त्या दिवशी जेवताना काही विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. गडबडीत राहिलं असेल, तिने स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी भाऊ कामावरून आला तो हातात पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन. आत दोन केशरी मासे.

नव्या माशांना एकदम टाकीत सोडायचं नसतं. पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे त्यांना गारवा झेपतो. भावाने टाकी खळखळून धुतली, नवं पाणी भरलं, त्यात पिशवी ठेवली, घड्याळ बघितलं आणि तिथेच उभा राहिला. आत्या समोरच्या स्टुलावर बसली. वीस मिनिटं त्याला कुठे जाता येईना.

पोरीचा जीव त्यात अडकला होता म्हणून आणले, तो पाण्याकडे बघत म्हणाला. परत आल्यावर आणले असते तर चाललं नसतं का, असं आत्याने विचारलं. त्यावर तो दुकानदार सुट्टीवर जाणार होता वगैरे काहीतरी बोलला. मग गाडीत जागा कशी कमी पडते ते सांगू लागला.

“मागची अर्धी सीट रिकामी आहे,” आत्या म्हणाली. “सामान तिथे टाकू, हे तूच म्हणालास.”

भावाने पिशवी उगीचच बोटाने ढकलली.

“तसं नाही गं, अक्का. वर्षातून चार दिवस... हिला जरा मोकळं वाटतं.”

“मग तसं सांगायचं होतंस. त्यासाठी अकरा वर्षं मासे कशाला पाळलेस?”

तिचा आवाज अजिबात चढला नाही. पुढची बारा मिनिटं दोघं भावंडं त्या पिशवीकडे बघत राहिली. वेळ झाल्यावर आत्यानेच उठून पिशवीची गाठ सोडली. त्याच्या हातून ती सुटत नव्हती.

पहाटे गाडी गेली. भाचीने काचेतून हात हलवला, आत्यानेही हलवला. फाटक लावून ती आत आली आणि स्वयंपाकघरात चहा टाकला.

तासाभराने फोन वाजला. मागे हसणं, गाणी, गाडीचा आवाज. भावजयीने विचारलं, “वन्सं, घातलं का हो माशांना?”

“घातलं,” आत्या म्हणाली.

घातलं नव्हतं. तिने गार झालेला चहा पुन्हा कढत केला, कप भरून टाकीसमोर आणला आणि स्टुलावर बसून घोटाघोटाने प्याली. मासे काचेला तोंड लावून तिच्याकडे बघत होते. तिने दुसरा कप ओतून घेतला.