एका रेघेची दुरुस्ती

तीस वर्षं मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलं. तिथला एक नियम अंगात मुरलाय. चुकलेली नोंद पुसायची नाही. तिच्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे चूकही वाचता येते. शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची.

मुलगी नोकरी सोडून घरी आली, फोन बंद करून कपाटात टाकला आणि अंथरुणाला खिळली, तेव्हा मला येत होतं ते मी केलं. वही घेतली. झोप किती तास, जेवण किती, आपणहून बोललेली वाक्यं किती, त्याचा आलेख.

"आई, मी काय फ्रीज आहे, रोज तापमान लिहायला?"

"फ्रीज उलटून बोलत नाही."

ती हसली. त्या दिवशीची वाक्यं चौदा.

वहीच्या पहिल्या पानावर मी 'आजार: थायरॉइड' लिहिलं होतं. माझ्या ताईलाही तेच सांगितलं होतं. नैराश्य म्हटलं असतं तर पुढे प्रश्न आले असते. मुलीला मुली आवडतात हे तिने मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मी "बरं" म्हटलं आणि विषय परत काढला नाही.

मुलीला ज्यांच्याकडे नेत होते त्या समुपदेशक बाईंनी आलेखावर बोट ठेवलं. "दर गुरुवारी वर चढतो. गेले तीन गुरुवार नाही. काय बदललं?"

गुरुवारी चष्म्याचं दुकान बंद असतं. त्या दिवशी चष्मेवाली यायची, मुलीची जोडीदार. शेजारीण "ही कोण?" म्हणून चौकशी करायला लागली, तेव्हापासून मी तिला "झोपलीय" सांगून दारातूनच परत पाठवत होते. मुलगी आत जागी असायची, पण तिला दारातलं ऐकू जायचं नाही. मी सगळं टिपलं होतं, फक्त माझी ढवळाढवळ सोडून. प्रयोगशाळेतल्या नवख्या मुलींना मी याच चुकीसाठी झापायचे.

"मी बदललं," मी म्हणाले.

सगळं ऐकून बाईंनी समलिंगी मुलामुलींच्या पालकांच्या एका गटाचा पत्ता दिला. घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं, ती मला कंटाळली."

मी चष्मेवालीला फोन लावला. "काकू, झोपलीय का?" तिने जपून विचारलं.

"जागी आहे. ये तू. आणि स्क्रू-ड्रायव्हर आण, माझ्या चष्म्याची दांडी हलतेय."

गुरुवारी ती दांडी आवळत असतानाच ताईचा फोन आला. "थायरॉइड काय म्हणतंय?"

"थायरॉइड नाहीच, ताई. मी खोटं सांगितलं होतं. तिला नैराश्य आहे, उपचार चालू आहेत. तिची जोडीदार इथेच बसलीय, माझा चष्मा दुरुस्त करतेय. पोरीचा हात काय स्थिर आहे, बघशील तर!"

ताई कुजबुजली, "कोणाला सांगायचं नाही ना?"

"सांग की. तुला जमणार नसेल तर मी सांगते."

फोन ठेवला. मुलगी उठून वही घेऊन आली होती. पहिलं पान उघडून तिने माझ्यासमोर धरलं.

"नियम म्हणजे नियम, आई."

चष्मेवालीने चष्मा माझ्या नाकावर बसवला. मी 'थायरॉइड'वर एक रेघ मारली, शेजारी खरं ते लिहिलं, आणि तीस वर्षांत केली नव्हती एवढी मोठी सही केली.