पापणी न लवणारी पोथी

नरसीच्या देवळात पहाटे पोथी वाचायचा मान सूर्यकांतरावांचा. पण थंडीत त्यांचे डोळे कोरडे पडून खुपत. ओळ चुकेल या धास्तीनं ते पापणीही लववत नसत, शिवाय बसत देवळाच्या ओसरीतल्या शेकोटीच्या कोरड्या धगीसमोर. आज मधेच अक्षरं दिसेनात.

"डॉक्टरांचे ड्रॉप टाकले व्हय?" शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी ताराबाई कुजबुजल्या.

"टाकले. पण पापणी लववली अन् ओळ सुटली तर?"

"सुटू द्या! देव काय परीक्षा घेऊन राहिला? असंच चाललं तर उद्या पोथी दुसऱ्याकडं जाईल." वैतागून त्यांनी नवऱ्याचं आसन शेकोटीपासून लांब ओढलं. "दर ओवीला डोळे मिटायचे. बराबर?"

अध्याय सुरळीत पार पडला.

"काका आज डोळे मिटून लई तल्लीन झाले होते!" मागून ऐकणाऱ्यांतलं कुणी म्हणालं.

ताराबाईंनी कपाळावर हात मारला.