वादळानंतरचं पाणी

वादळ ओसरून तीन-चार दिवस झाले होते. दादाची मासेमारीची बोट अजून परतली नव्हती आणि आमचं विमान नेमकं त्याच समुद्रावर निघालं होतं. वादळ समुद्र घुसळतं, त्यामुळे खोलातलं थंड पाणी वर येतं. ते किती गार झालंय, हे आम्ही विमानातून तापमापक टाकून मोजतो. "काय डॉक्टरीणबाई, आज समुद्राला ताप किती?" असं दादा मला नेहमी चिडवायचा.

निघताना वहिनी म्हणाली, "खिडकीतून जरा बघशील ना गं?"

मी बघत राहिले. खाली नुसत्या लाटा होत्या. तापमापक पाण्यात पडला आणि समोरच्या पडद्यावरची तापमानाची रेघ झपकन खाली आली. समुद्र सहा अंशांनी गार झाला होता.

"काय झकास आकडा आलाय," शेजारचा सहकारी म्हणाला आणि माझ्याकडे बघून एकदम गप्प झाला. तशा पाण्यात माणूस किती वेळ तग धरतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

उतरल्यावर मी वहिनीला फोन लावला. तिच्याशी खोटं बोलायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

"बोट कुठे दिसली नाही, वहिनी. आणि पाणी फार गार झालंय."



"मग आल्या आल्या ह्यांना अंघोळीला कडकडीत पाणी लागेल," ती म्हणाली. "ह्यांना घेऊन निघालीस की फोन कर. मी गीझर लावून ठेवते."

मी "बरं" म्हटलं.