चाचणीचा आवाज

“कानांत बोळे घाल, आणि मी सांगेपर्यंत काढू नकोस.”

मुलाचे शब्द तिला जसेच्या तसे आठवत होते. आवाज मात्र आठवत नव्हता. मैदानाच्या फाटकाबाहेरच्या रांगेत तिनं ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. दर वेळी ते तिच्याच आवाजात ऐकू यायचं.

मुलगा जाऊन वर्ष होत आलं होतं. साधा वाटलेला ताप, आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. घरात त्याचे फोटो होते, बूट होते, खुंटीवर जाकीट होतं. आवाज कुठंच नव्हता. त्याचा फोन उघडेना. एका सकाळी तिला जाग आली आणि तो ‘आई’ अशी हाक कशी मारायचा तेच आठवेना, तेव्हा ती घाबरली. मग तिच्या मनात आलं, ज्यांचं पोटच आवाजावर चालतं त्यांच्याकडे तरी त्याचा आवाज सापडेल. मोठमोठ्या कार्यक्रमांना स्पीकर उभारणाऱ्या कंपनीत तो होता. “एकदा बघायला ये ना,” म्हणून पाठी लागायचा, आणि ती म्हणायची, “पुढच्या खेपेला नक्की.” कानांतले बोळेसुद्धा त्यानं आणून ठेवले होते, छोट्या डबीत. तिनं कंपनीत निरोप ठेवला, तर कार्यक्रमाचा पास घरी आला.

“आजी, चुकून आलात का?” फाटकावरचा पहारेकरी म्हणाला. “इथं रात्रभर धांगडधिंगा असतो.”

“चुकून कशाला येईन? पास आहे माझ्याकडे!”

तिची सगळी नोकरी इस्पितळाच्या धुलाईघरात गेली होती. चादरी घुसळणाऱ्या यंत्रांच्या वरताण बोलायची सवय. शेजारीण म्हणायची, या बाईनं कानात कुजबुज केली तरी तळमजल्याला कळतं.

आत काळ्या टीशर्टांतले तिघं वायरींचं भेंडोळं ओढत होते. तिचा आवाज ऐकताच तिघांनीही एकदम माना वळवल्या.

“अरे, ह्या तर त्याच!” त्यांतला दाढीवाला धावत आला. “काकू, तुम्ही ‘डबा घेतलास का’वाल्या ना?”

तिला काही कळेना. दाढीवाल्यानं तिला हाताला धरून गर्दीतून मैदानाच्या मधोमध नेलं. तिथं एक उंच चौथरा होता, वर बटणांचं लांबलचक टेबल. तिच्या मुलाची जागा. आता तिथं दाढीवाला बसत होता.

खुर्चीवर टेकायच्या आतच तिनं विचारलं, “त्याचा आवाज आहे का रे तुमच्याकडे?”

“त्याचा?” दाढीवाला ओशाळला. “तो कुठं बोलायचा, काकू? माइकवर घसा आम्ही फोडायचा. तुमचे चिरंजीव मैदानाच्या टोकाला उभे. नुसतं बोट वर, बोट खाली. पण तुमचा आहे.”

“माझा?”

“स्पीकर तपासताना ज्यानं त्यानं आपल्या ओळखीचं काहीतरी लावायचं असतं. कुणी गाणं लावतं. तो तुम्हाला लावायचा. म्हणायचा, आईचा आवाज मी जन्मापासून ऐकतोय, स्पीकरनं थापा मारल्या की लगेच कळतं मला. आम्ही अजून तेच लावतो.”

“अगं बाई! एवढ्या लोकांपुढं?”

“लोक यायच्या आधी हो. रिकाम्या मैदानाला तुम्ही दटावता, मगच आमचं काम सुरू.”

ती हसली. मग हसता हसता थबकली. “म्हणजे मी दारात त्याच्याशीच बोलत असणार. त्यावर तो काहीतरी म्हणालाच असेल ना?”

“शेवटपर्यंत कधी ऐकलंच नाही आम्ही. दोन वाक्यांत काम होतं. आता लावता नाही येणार, काकू. सगळं संपल्यावर लावतो. थांबाल?”

“थांबते,” ती म्हणाली आणि बोळे कानांत घातले.

मग अंधार पडला आणि सुरू झालं. गाणं म्हणावं असं तिला त्यात काही सापडेना. ठोके होते, आणि ते कानांतून न येता तळपायांतून वर चढत होते. धुलाईघरातलं मोठं यंत्र फिरायला लागलं की फरशी अशीच थरथरायची. हजारो पोरं एकाच वेळी उड्या मारत होती. चौथऱ्याखालच्या एका मुलीनं तिला हात केला. “आज्जी, या ना नाचायला!”

“गुडघे घरी ठेवून आलेय गं!” ती ओरडली, आणि आश्चर्य म्हणजे मुलीला ते ऐकू गेलं.

मध्येच सगळं थांबायचं. एवढा मोठा जमाव श्वास रोखून उभा राहायचा, आणि मग ठोका परत आला की हंबरडा फोडल्यासारखा ओरडायचा. माझा कधी परत येणार, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिनं पदर तोंडाशी धरला.

पहाटेकडे मैदान रिकामं झालं. जमिनीवर चुरगळलेले पेले आणि कुणाची तरी एक चप्पल.

“आता काढू का बोळे?” तिनं विचारलं.

“काढा.”

दाढीवाल्यानं बटण दाबलं. दोन्ही बाजूंच्या स्पीकरांच्या भिंतींतून तिचाच आवाज आला, वर्षापूर्वीचा, ठणठणीत. “डबा घेतलास का? जाकीट घाल. आणि पोचल्यावर फोन कर, नुसतं हो म्हणू नकोस.”

त्यानंतर एक श्वास, तिचा नव्हे. बोलायला तोंड उघडताना माणूस घेतो तसा. आणि तिथंच संपलं.

“पुढचं कापलंय त्यानं,” दाढीवाला हळू म्हणाला. “तपासायला एकच आवाज लागतो. कापण्यात फार नेटका होता. इथं मात्र कात्री जराशी उशिरा पडली.”

“पुन्हा लाव.”

पुन्हा तोच श्वास सगळ्या मैदानभर झाला. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, “पुरे. तुम्हाला आवरायचं असेल.”

उजाडताना ट्रक भरला. दाढीवाल्याला तो दुसऱ्या गावी पोचवायचा होता, चांगला दुपारपर्यंतचा रस्ता. तो चढू लागला तशी तिच्या तोंडून निघून गेलं, अगदी हलक्या आवाजात, “पोचल्यावर फोन कर.”

त्यानं श्वास घेतला. “हो, काकू.”

“मी घरीच आहे. उचलते.”

ट्रक वळणाआड गेला. तिनं बोळे डबीत ठेवले, डबी पिशवीत ठेवली. अंग मोडून आलं होतं, बाकावर जरा टेकावं असं वाटत होतं. पण फोन घरी होता. ती निघाली.