कमलाबाईचा नळ

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि तिथल्या गुढियारी मोहल्ल्यातल्या घरमालकांची नजरच बदलली. भोपाळहून आलेल्या बाबू लोकांना, नव्या ठेकेदारांना खोल्या हव्या होत्या, आणि ते मागाल तो किराया द्यायला तयार होते. दयाराम साहूच्या चाळीत चार किरायेदार. त्यातले तिघं होळीआधीच सामान बांधून गेले. उरली एकटी कमलाबाई.

कमलाबाई मेश्राम त्या दोन खोल्यांत एकोणीस वर्षं राहत होती. नवरा शामराव उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला होता. तो गेल्यावर शाळेचे गणवेश शिवून तिनं लेकीला, पायलला, कॉलेजात पोचवलं. दयारामनं खोल्या सोडायला आधी गोडीनं सांगितलं, मग आवाज चढवून. ती हलली नाही. मे महिन्यातल्या एका सकाळी तिचा नळ कोरडा पडला. दयारामनं तिची लाइन तोडून पाइपाला लोखंडी बूच ठोकलं होतं. त्याच्या अंगणात मात्र पाणी धो धो वाहत होतं.

अठरा दिवस मायलेकींनी गल्लीच्या टोकाच्या बोअरिंगवरून पाणी वाहिलं. शेवटी पायल म्हणाली, "माँ, छोड़ दो ना ये घर. कितने दिन ऐसे चलेगा?"

"घर सोडाले मी कधीबी तयार आहो," कमलाबाई म्हणाली. "पण पाणी तोडून मले हाकलत असतीन, तर मी जात नाही."

नातवाचा गणवेश घ्यायला आलेल्या श्रीपाद काळ्यांनी हे ऐकलं. कोर्टातल्या बाबूगिरीतून ते निवृत्त झालेले. मालकाला घर खाली करून हवं असेल तर त्यानं कारण देऊन दावा लावावा, पण पाणी तोडायचा हक्क कायद्यानं त्याला दिलेला नाही, असं त्यांनी सांगितलं आणि तिथंच बसून भाडे नियंत्रण अधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहून दिला.

कलेक्टोरेटमधल्या सुनावणीला दयाराम वकील घेऊन आला. ही बाई किरायेदार नाहीच, दया म्हणून तिला राहू दिलं आहे, वकील म्हणाला. असेल तर पावती दाखवावी. दयारामनं जन्मात कोणाला पावती दिली नव्हती. अधिकाऱ्यानं कमलाबाईला पुरावा आणायला तीन दिवसांची मुदत दिली.

घरी येऊन तिनं पेटी उपसली. काहीच सापडलं नाही. रात्रभर विचार करता करता तिला आठवलं, गॅसचं कनेक्शन घेताना एजन्सीनं घरमालकाची चिठ्ठी मागितली होती. सकाळी ती एजन्सीत जाऊन बसली. जुन्या फाइली उपसता उपसता दुपार झाली, पण कागद निघाला. 'ही माझी किरायेदार आहे, कनेक्शन द्यायला माझी हरकत नाही,' आणि खाली दयारामची सही.

पुढच्या सुनावणीत अधिकाऱ्यानं तो कागद दयारामपुढे धरून सही त्याचीच का, एवढंच विचारलं. दयारामनं वकिलाकडे पाहिलं. वकील खिडकीबाहेर पाहत होता.

"हव, माझीच," दयाराम म्हणाला.

पाणी आजच्या आज जोडा, असा हुकूम झाला. मग दयाराम पडल्या आवाजात बोलला, की एकोणीस वर्षांत किराया जेमतेम दुप्पट झाला, छत गळतं, कर वाढला, मालकानं काय करावं? कमलाबाईला ते खोटं वाटलं नाही.

"भैया, किराया वाजवी वाढवा, मी देईन," ती म्हणाली. "पण माणसाले तहानेनं मारून घर खाली करू नका."

संध्याकाळी प्लंबरनं बूच काढलं. पाइप दोनदा खोकला, लाल पाणी आलं, मग स्वच्छ धार लागली. घरी नळ असलेल्या बायाही पाहायला जमल्या. पायल कपड्यांसकट नळाखाली बसली आणि हसत सुटली. कमलाबाईनं ओंजळ भरून तोंडावर मारली. डोळ्यांतलं पाणी त्यातच गेलं.

आठवड्याभरात शारदा आली. चाळ सोडून गेलेल्या तिघांतली ती एक. तिच्या नव्या मालकानं बिजली तोडली होती. कमलाबाईनं शिलाई मशीनवर कापड घातलं, चपला घातल्या आणि शारदाला घेऊन कलेक्टोरेटच्या पायऱ्या चढली. दारापाशी शारदा थबकली.

"भेऊ नको," कमलाबाई म्हणाली. "आत गेली का नाव मोठ्यानं सांगजो."